आधी देव, मग जखम

आमच्या जावळी तालुक्यात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. तो शिपाई असो, हवालदार असो, नाहीतर लंगरात भाकऱ्या भाजणारा असो. मी नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो आणि हवालदार होऊन पेन्शनीवर आलो. पट्टी बांधायची, सलाईन लावायचं, लघवीची नळी घालायची, दुखणाऱ्या माणसाला न दुखवता कुशीवर वळवायचं, एवढंच मी नोकरीभर केलं. पण मेढ्याच्या स्टँडवर ट्रंक घेऊन उतरलो त्या दिवसापासून मी मेजर झालो, तो आजतागायत आहे.

फौजेत मला एक सवय लागली होती. पहिल्याच पोस्टिंगला आमच्या युनिटच्या दवाखान्यात दरडीखाली सापडलेला एक जवान आणला. माझ्याच वयाचा होता. डॉक्टरांनी शर्थ केली, पण तो गेला. दुसऱ्या दिवशी मला हातात सुई धरवेना. युनिटच्या मंदिरात एक वयस्कर पंडितजी होते, त्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "बेटा, सुबह थोड़ी देर यहाँ बैठा करो, फिर ड्यूटी पर जाओ." मी बसायला लागलो. पुढं जिथं जिथं बदली झाली तिथं ट्रंकेत देव बरोबर गेले. सकाळी आंघोळ, देवांना पाणी, गंध, फूल, दिवा आणि मग रामनामाची एक माळ. बर्फात फूल मिळायचं नाही, तेव्हा नुसतं गंध. पण बसणं कधी चुकलं नाही.

पेन्शनीवर आल्यावर घर बांधलं आणि थोडी शेती बघायला लागलो. बायको विट्याकडची. तिचे भाऊ दक्षिणेत सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. माहेरी दुष्काळी भाग, सासरी नुसता पाऊस. "आमच्याकडं पावसापायी आभाळाकडं बघून डोळं दुखायचं, हितं कापडं वाळत न्हाईत म्हणून दुखत्यात," असं ती आल्यागेल्याला सांगते. बोलायला सरळ. मनात एक नि ओठावर एक, असं तिच्याकडं नाही.

शेजारच्या म्हाताऱ्याला अर्धांगवायू झाला होता. तिथून हे सगळं सुरू झालं. त्यांचा मुलगा सांगायला आला, "मेजर, आबांच्या पाठीला जखम झालीय, जरा बघता का?" जाऊन बघितलं तर कमरेच्या खाली तळहाताएवढा खड्डा पडला होता. एकाच कुशीवर पडून पडून कातडी जाते आणि आत मांस सडत जातं. मी जखम धुतली, तालुक्याच्या डॉक्टरांना फोनवर विचारून पट्टी केली आणि सुनेला दर थोड्या वेळानं कूस कशी बदलायची ते दाखवलं. रोज जाऊ लागलो. दीडदोन महिन्यांत जखम भरत आली.

झालं. बातमी डोंगरात पसरली. वरच्या वाड्यांमधून फोन यायला लागले. आमच्याकडची तरुण पोरं मुंबईला माथाडी कामाला, नाहीतर पुण्याला कंपनीत. गावात घराघरांत दोन म्हातारी माणसं, आणि बऱ्याच घरांत एकच. त्यातलं एखादं पडलं, खुबा मोडला, लकवा आला, की ते अंथरूण धरतं. दुसरं त्याला उचलू शकत नाही. शेजारीण सकाळी चहा आणि भाकरी ठेवून रानात जाते ती संध्याकाळी येते. मधल्या वेळात ते माणूस तिथंच. ओलं झालं तर ओल्यातच. मी फौजेत गोळी लागलेली माणसं बघितली आहेत, पण आपल्याच डोंगरात, पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर असून तहानेनं सुकलेली माणसं बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

बायका अंगाला हात लावू देत नसत, म्हणून बायको बरोबर येऊ लागली. आंघोळ घालायची ती, जखम बघायचो मी. तिच्या भावांनी तिकडून हवेच्या गाद्या पाठवल्या. मोटारसायकलवर मागं ती, तिच्या मांडीवर गादीचं बोचकं, आणि आम्ही घाट चढतोय, हे लोकांच्या सवयीचं झालं.

घरं वाढत गेली तशी माझी पूजा कमी होत गेली. आधी माळ सुटली. म्हटलं, गाडी चालवताना नाम घेतो. मग गंध-फूल सुटलं, नुसता दिवा. मग दिवाही बायको लावायला लागली. मी बूट घालता घालता देवाला लांबूनच हात जोडायचो आणि निघायचो. त्याचं वाईटही वाटत नव्हतं, कारण सगळे एकच सांगत होते, "मेजर, तुमची सेवा हीच पूजा." साताऱ्यात एका मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. तिथं भाषण करणाऱ्यानंही तेच म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही ते पटलं. देव माणसात आहे, मग दगडापुढं कशाला वेळ घालवायचा?

ते खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही. पण त्या वर्षात माझं काय झालं ते सांगतो. मला माणसं दिसेनाशी झाली. घरात शिरलो की डोळे सरळ जखमेवर. म्हातारा काही सांगायला लागला की मी म्हणायचो, "आधी वळा, मग बोला." कोणी पट्टी ओली केली, कोणी कूस बदलली नाही, की तळपायाची आग मस्तकात जायची. कुणी आभार मानले तर बरं वाटायचं, नाही मानले तर दिवसभर डोक्यात. एखादा गेला की मी हिशेब मांडायचो, मी अमक्या दिवशी गेलो असतो तर? आणि घरी आलो की जेवण जात नसे, कारण अजून कुणाकडं तरी जायचं राहिलेलंच असे.

एका संध्याकाळी बायकोनं ताट वाढलं आणि मी ते तसंच सरकवलं.

"का वं?" तिनं विचारलं.

"वरच्या वाडीतली तीन घरं राहिली आज."

"उद्या जावू की."

"उद्यापातूर पाठी सडतील त्यांच्या. कुणाला काय पडलंय? मी गेलो न्हाई तर कोण जाणार हाय?"

तिनं हातातली पळी खाली ठेवली. "आवं, देव काय रजेवर गेलाय व्हय? आन जाताना समदा चार्ज तुमच्याकडं देऊन गेलाय?"

मला राग आला. मी ताटावरून उठलो. ती मागून म्हणाली, "उपाशी ऱ्हावून कुणाची पाठ भरत न्हाई." आणि आपलं जेवायला बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका आजीचा निरोप आला. तिची वाडी पठाराच्या कडेला. गाडी खाली लावून अर्धा डोंगर चालायचा. आजी घसरून पडली होती, खुबा मोडला होता. वय बघून डॉक्टरांनी ऑपरेशनला नको म्हटलं होतं. मुलगा मुंबईला, दोन वेळची भाकरी भावकीतली एक बाई द्यायची. आम्ही पोचलो तेव्हा घामानं भिजलो होतो. मी पिशवी उघडून हातमोजे चढवले. बायकोनं चुलीवर पाणी ठेवलं. मी आजीच्या अंथरुणाशी बसलो, तर तिनं हात आडवा केला.

"आधी देव."

"काय?"

"देव पारोसं हायती. पडल्यापास्नं त्यास्नी पाणी न्हाई, फूल न्हाई. मला उठाय येत न्हाई. तू आंघूळ केलीयास न्हवं? मग आधी देवाचं कर, मग माझं."

मी म्हटलं, "आजी, मला अजून चार घरं हायत."

"आसू देत."

"जखम बघू दे आधी. देवाचं ही करंल." मी बायकोकडं बोट दाखवलं.

"तिला माझ्या पाण्याचं बघू दे. तू कर. आधी देव, मग जखम. न्हाईतर जा माघारी."

आता डोंगर चढून आलेला माणूस माघारी कसा जाणार? बायको चुलीपाशी तोंड फिरवून हसत होती. मी हातमोजे काढले. भिंतीतल्या देवळीत देवांचे पितळेचे चार टाक होते, एक घंटा, एक काळा पडलेला दिवा. मी भराभर पाणी ओतलं, पुसलं, अंगणातली झेंडूची दोन फुलं टाकली, घंटा वाजवली आणि वळलो.

"घंटा का पळाली रं, मेजर?" आजी म्हणाली. "वाघ लागलाय काय मागं?"

मग मात्र तिनं जखम धुऊ दिली. खोल होती. तिनं एकदाही हाय केलं नाही.

पुढं एक दिवसाआड जावं लागे. प्रत्येक वेळी तेच. आधी देव. मी वैतागत होतो. बायकोला म्हणायचो, या म्हातारीपायी खालचं एक घर दर खेपेला राहतंय. ती म्हणायची, "मग तिला सांगा की." तिला सांगायची माझी छाती नव्हती.

पावसाळा लागून बरेच दिवस झाले होते. त्या दिवशी घरात इतकी ओल होती की काडी पेटत नव्हती. एक ओढली, दुसरी ओढली, टोकाचा गुल निघून आला. वात भिजलेली. आजी म्हणाली, "चुलीपाशी ठिव पेटी. वाळंल. बस तवर." बसण्यावाचून इलाज नव्हता. मी देवळीसमोर मांडी घातली. बाहेर पाऊस, आत चुलीचा धूर. करायला काही नाही म्हणून मी टाक हातात घेऊन नीट पुसायला लागलो. एकाचं नाक झिजून गेलं होतं. किती पिढ्यांनी पुसलं असेल त्याला. पुसता पुसता तोंडात रामनाम आलं. मी आणलं नव्हतं, आपसूक आलं. आणि तेव्हा मला कळलं की गाडीवर मी नाम घेतो म्हणत होतो, ते कित्येक महिने घेतलेलंच नव्हतं. गाडीवर मी घरं मोजत होतो.

डोळे भरून आले वगैरे काही नाही. खांदे खाली आले एवढं जाणवलं. किती दिवस ते कानाला लागलेले होते कुणास ठाऊक. पेटी वाळली, दिवा लागला, मी एका माळेइतकं नाम बोटांवर मोजून घेतलं आणि मग उठलो.

आजीकडं वळलो तर तिच्या हनुवटीवर गोंदण आहे हे मला पहिल्यांदा दिसलं. तीन ठिपके. इतके दिवस मी फक्त तिची पाठ ओळखत होतो. मी विचारलं, "आजी, कवा काढलं हे?" ती म्हणाली, "लगनाच्या आधी. लय वरडलो व्हतो." आणि मग तिनं जत्रेतली गोंदणारीण, सुईला भिऊन आजी कशी पळून गेली होती, आईनं कसं धरून आणलं, सगळं सांगितलं. मी जखम धूत होतो आणि ऐकत होतो. खालचं एक घर त्याही दिवशी राहिलंच. तिथं दुसऱ्या दिवशी गेलो. त्या माणसाची पाठ सडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी घरी पूजेला बसू लागलो. पूर्वीसारखं, सगळं. फोन आतल्या खोलीत, आवाज बंद करून. बायकोनं गंध उगाळायची सहाण धुऊन ठेवली.

काम कमी झालं नाही. घरं तेवढीच, उलट वाढली. पण मी माणसांवर ओरडायचा थांबलो. अगदी थांबलो नाही, कमी ओरडू लागलो. एखादी पट्टी ओली सापडली तर वाटायचं, या बाईला रानही आहे, गुरंही आहेत, हिच्याकडूनही किती होणार? कोणी गेलं तर वाईट वाटायचं, पण ती माझी हार आहे असं वाटणं थांबलं. हे माझं खातं नव्हतं. मी त्यात कामाला होतो.

आजी दिवाळीनंतर गेली. मुलगा आला, दिवस केले, देव मुंबईच्या खोलीवर नेले आणि घराला कुलूप लावलं. दहाव्याला आम्ही दोघं गेलो होतो. कावळा लवकर शिवला.

त्यानंतर जे झालं ते सांगायला अवघड आहे, पण ते सोडून बाकीचं सांगणं बरोबर नाही.

खालच्या अंगाच्या एका गावात एक वयस्कर गृहस्थ होते, फुफ्फुसाचा कॅन्सर. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं. मुलगा मुंबईची नोकरी सोडून बापाजवळ येऊन राहिला होता. असा मुलगा आमच्याकडं दुर्मीळ. डॉक्टरांनी दिलेली औषधं कशी द्यायची, दम लागला की कसं बसवायचं, ऑक्सिजनची नळी कशी लावायची, ते मी त्याला शिकवलं होतं. तो मन लावून करायचा. एका सकाळी मी पूजा आटपून फोन बघितला तर त्याचे ओळीनं फोन येऊन गेले होते. लावला, तर उचलला नाही. आम्ही तसेच निघालो.

अंगणात माणसं जमली होती. ते गेले होते. मुलगा ओट्यावर बसला होता. मला बघून उठला.

"किती फोन केलं तुमाला?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "कुठं व्हता?"

मी खरं सांगितलं. "पूजेला बसलो होतो."

"देवाला आंघूळ घालत बसला व्हता तुमी. आन हितं माझा बाप पाण्याबाहेरच्या माशागत तडफडत व्हता. कुठला देव वं तुमचा?"

लोकांनी त्याला धरलं. कोणीतरी म्हणालं, "मेजरांचा काय दोष?" मी त्या माणसाला गप्प केलं. मुलाला जे वाटत होतं ते वाटायलाच हवं होतं. मी आत गेलो, नळी काढली, डोळे मिटवले, जबड्याला पट्टी बांधली. बायको आत बायकांत त्याच्या आईजवळ बसली. मी स्मशानापर्यंत गेलो, सगळ्यांच्या मागून चाललो.

संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ते जाणारच होते, आज नाहीतर चार दिवसांनी. तुम्ही असता तर शेवटचा त्रास थोडा कमी करता आला असता, कदाचित." तो 'कदाचित' अजून माझ्याजवळ आहे. तो मी कुठल्याही पोथीत ठेवून देऊ शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी पाटावर बसलो आणि हात पुढं होईना. समोर देव, आणि कानात तो मुलगा. बायको दारात आली.

"काय झालं?"

"नको वाटतंय. परत तसं झालं तर?"

हातातली भाजी तिनं उंबऱ्याजवळ ठेवली. मग म्हणाली, "फोन माझ्याकडं द्या. मी बसते हितं. काय तातडीचं आसंल तर हाक मारीन, तवा हातातलं टाकून उठायचं."

"अर्ध्या पूजेतनं?"

"मग? देव काय लग्नातला व्याही हाय, मान दिला न्हाई म्हणून रुसायला? पण बसल्याबिगर जाऊ नगा. तुमी बसत न्हवता त्या साली मी बघितलंय तुमाला. त्या माणसासंगं मला डोंगर चढायचा न्हाई."

मी फोन दिला. ती उंबऱ्याजवळ भाजी निवडत बसली. मी पाण्याचा तांब्या उचलला. त्या दिवशी पूजेत मन लागलं असं म्हणणार नाही. सगळा वेळ तो मुलगाच समोर होता. शेवटी मी नामाबरोबर त्याच्या बापाचं नाव घेतलं, त्याचंही घेतलं आणि उठलो.

तेव्हापासून तशीच पद्धत आहे. ती फोन उचलते, कुणाची नळी निघाली, कुणाला ताप आला, काय थांबू शकतं, काय नाही, हे आता तिला माझ्याइतकंच कळतं. बऱ्याच वेळा ती सांगते, "पूजा झाली की येतायत, तवर कोमट पाण्यानं पुसून घ्या." काही वेळा हाक मारते, आणि मी गंधाचं बोट तसंच घेऊन उठतो. देव ओलेच राहतात. आल्यावर पुसतो.

वर्षभरानं त्या गेलेल्या गृहस्थांच्या गावातून फोन आला. शेजारच्या बाईनं केला होता. त्या मुलाची आई न्हाणीत पडली होती, एक पाय प्लास्टरमध्ये, पडून पडून दुसऱ्या टाचेला जखम झाली होती. बायकोनं फोन ठेवून मला सांगितलं. त्याला आपण आलेलं चालेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "न चाललं तर माघारी यिऊ."

तो दारातच होता. आम्हाला बघून बाजूला झाला. मी टाच बघितली. जखम वरवरची होती, टाचेखाली कापडाची चुंबळ कशी ठेवायची ते दाखवलं. म्हातारी बोलत राहिली, तिच्या नवऱ्याबद्दल, त्यानं लावलेल्या फणसाबद्दल. मुलगा भिंतीला टेकून ऐकत होता. काम झाल्यावर मी अंगणात हात धुवायला आलो, तर तो तांब्या घेऊन आला आणि माझ्या हातांवर पाणी ओतायला लागला.

"परवा येताल?" त्यानं विचारलं.

"येतो."

"सकाळी?"

"नवाच्या पुढं," मी म्हणालो.

नवाच्या आधी मी काय करतो ते त्याला ठाऊक होतं. त्यानं तांब्या उपडा करून राहिलेलं पाणी तुळशीत टाकलं आणि म्हणाला, "चालंल. फाटक उघडं ठिवतो."

अजूनही सगळ्यांपर्यंत आम्ही पोचत नाही. काल दोन नवीन घरांतून निरोप आला, त्यातलं एक पार बामणोलीकडं. बायकोनं वरच्या वाडीतल्या दोन सुनांना कूस बदलायला आणि आंघोळ घालायला शिकवलंय, त्या त्यांच्या वाडीचं बघतात. उद्या बामणोलीकडं जाताना त्यातली एक बरोबर येते म्हणालीय. तिला गाडीवर बसायची भीती वाटते, म्हणून आम्ही एसटीनं जाणार आहोत.